लिस्बन कसं फिरायचं आणि काय काय खायचं: चढ गाडीनं, उतार पायानं

लिस्बनला निघालेल्या ओळखीच्या लोकांचा प्रश्न ठरलेला असतो, तीन दिवसात काय काय होईल? मी उलट विचारते, गुडघे कसे आहेत? चेष्टा नाही करत. हे शहर सगळं टेकड्यांवर वसलंय, गुगल मॅपवर पाचशे मीटर दाखवतं म्हणून तुम्ही उत्साहात निघता आणि ते पाचशे मीटर म्हणजे सलग जिना निघतो. रस्ते, फूटपाथ सगळे छोट्या छोट्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे, मध्ये काळ्या दगडाची नक्षी, दिसायला अप्रतिम पण वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेले, पाऊस पडला की विचारूच नका. त्यामुळे पहिली गोष्ट, चांगल्या ग्रिपचे बूट. फोटोसाठी घेतलेल्या नव्या सँडल हॉटेलवरच राहू देत.

दुसरी गोष्ट म्हणजे माझा लिस्बनपुरता एकच नियम, चढ गाडीनं आणि उतार पायानं. रोज एक टेकडी पकडायची, ट्राम, लिफ्ट, टॅक्सी जे मिळेल त्यानं वर जायचं आणि मग गल्ल्यांमधून हळूहळू, खात पीत, बसत उठत नदीच्या दिशेनं खाली यायचं. हरवलात तरी उतार धरला की शेवटी तेजो नदीशीच पोचता. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी या पद्धतीनं सगळं शहर बघितलं आणि संध्याकाळी आमच्यापेक्षा फ्रेश त्याच.

आधी तिकिटाचं बघू. एअरपोर्टवरूनच मेट्रोची लाल लाईन निघते, वीस-पंचवीस मिनिटांत शहरात, टॅक्सीची गरज नाही, फार सामान असेल तर गोष्ट वेगळी. मेट्रोच्या मशीनवर नावेगांते नावाचं कार्ड मिळतं, अर्ध्या युरोचं, माणशी एक लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. त्यावर एक तर पैसे भरून ठेवा नाहीतर चोवीस तासांचा पास टाका, तो सात युरोच्या आसपास पडतो आणि मेट्रो, बस, ट्राम सगळ्यात चालतो. ज्या दिवशी टेकड्या जास्त त्या दिवशी पास, ज्या दिवशी नुसतं नदीकाठच्या सपाट बेलेम भागात जाऊन यायचंय त्या दिवशी भरलेले पैसे पुरतात. ट्राममध्ये ड्रायव्हरकडे रोख तिकीट काढू नका, जवळपास दुप्पट पडतं.

वर जायचे फुकट मार्ग

हे कुणी सांगत नाही म्हणून आधी सांगते. बैशा म्हणजे खालचा सपाट, सरळ रस्त्यांचा भाग. तिथून टेकडीवरच्या जुन्या किल्ल्याकडे चढायला दोन सरकारी लिफ्ट आहेत, दोन्ही फुकट. पहिली रुआ दोस फांकेइरोस या रस्त्यावरच्या एका साध्याशा इमारतीत, बाहेरून बघून वाटणारही नाही की इथे लिफ्ट आहे. तिनं वर गेलात की मागच्या रस्त्याला निघता, तो ओलांडून थोडं पुढे गेलं की एक सुपरमार्केट आणि त्यावर पार्किंगची बिल्डिंग दिसते, तिच्यात दुसरी लिफ्ट. ती थेट किल्ल्याच्या खालच्या रस्त्यावर सोडते. सगळे लोक घाम पुसत पायऱ्या चढत असतात आणि आपण आरामात वर.

तसंच बैशा-शियादो हे मेट्रो स्टेशन. एक दार खाली बैशात, दुसरं वर शियादोत, मध्ये लांबच्या लांब सरकते जिने. वरच्या दारातून बाहेर पडलात की समोरच ब्राझिलेइरा कॅफे आणि बाहेर कवी फर्नांदो पेसोआचा ब्राँझचा पुतळा, टेबलाशी बसलेला. बाजूची खुर्चीपण ब्राँझचीच, तिथे बसून फोटो काढायला लाईन असते. कॅफे १९०५ चं आहे, बघून या, पण कॉफी बाहेरच्या टेबलावर घेतली तर जागेचे पैसे लागतात, आत काउंटरला उभ्यानं घ्या.

सांता जुस्ता लिफ्ट म्हणून एक उंच लोखंडी टॉवर आहे, १९०२ चा, ४५ मीटर उंच, दिसायला जबरदस्त. तिच्या लायनीत तासभर उभे राहणारे लोक बघून मला खरंच कळत नाही, कारण वरचा पूल मागच्या बाजूनं कार्मो चौकातून चालत गाठता येतो. शियादोहून सरळ चालत जा, टॉवर वरून बघा, पुढे निघा. लिफ्टमध्ये बसायचंच असेल तर चोवीस तासांच्या पासात ती धरलेली असते, पण मग सकाळी लवकर.

आणि ती पिवळी फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर रुळांवरून वरखाली करणारी गाडी, पोस्टकार्डावरची. ग्लोरिया फ्युनिक्युलरला सप्टेंबर २०२५ मध्ये भयानक अपघात झाला, १६ माणसं गेली, तेव्हापासून ती बंद केली आणि बाकीच्यांचीही तपासणी लावली. त्यामुळे तिच्या भरवशावर प्लॅन करू नका, जायच्या आधी चालू काय बंद काय ते बघून घ्या.

२८ नंबरची ट्राम

बसायचंच, त्यात वाद नाही, लाकडी बाकं, पितळी दांडे, गल्ली इतकी अरुंद की हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल. पण जी चूक सगळे करतात ती म्हणजे मार्टिम मोनिझच्या स्टॉपवर सकाळी अकराला जाऊन उभं राहणं. तिथे रांग वळणावरून वळते. त्यापेक्षा दुसऱ्या टोकाला जा, काम्पो द औरिक, प्राझेरेशचा स्टॉप, तिथे जुनं कब्रस्तान आहे आणि टूरिस्ट कमी. सकाळी आठ-साडेआठला टॅक्सीनं तिथे पोचा, खिडकी पकडा आणि उलट दिशेनं सगळं शहर बघत या, एश्त्रेला, शियादो, बैशा, मग कॅथेड्रलसमोरून वर आल्फामा म्हणजे जुनी वस्ती, आणि ग्रासा. गर्दी झाली तर पाकीट, फोन पुढच्या खिशात आणि सॅक पोटावर, या ट्राममध्ये पाकीटमार नेहमीचेच. एवढी उठाठेव नको असेल तर १२ नंबरची ट्राम आल्फामाला छोटा गोल फेरा मारून येते, तीही तसलीच जुनी.

ग्रासाला उतरा. तिथून सेन्योरा दो मोंते नावाचा व्ह्यू पॉइंट जवळ आहे, जुन्या शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक. लिस्बनमध्ये अशा जागांना मिराडौरो म्हणतात आणि प्रत्येकीवर एखादी छोटी टपरी, कॉफी, बियर, कुणीतरी गिटार वाजवतोय असं असतं. सेन्योरा दो मोंतेवरून किल्ला, नदी, लाल कौलं, लांबवर तो लाल लोखंडी पूल सगळं एका नजरेत येतं. पूल १९६६ चा, तेव्हा नाव हुकूमशहा सालाझारचं होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर तिच्या तारखेचं नाव दिलं, २५ एप्रिल. किल्ल्याचं तिकीट महाग आहे आणि आत भिंती, बुरुज आणि मोर. हो, मोर, इकडे तिकडे फिरत असतात, पोरं खूश होतात. पण आपण किल्ले बघूनच मोठे झालोय, मला विचाराल तर ते पैसे मासळीवर घाला.

इथून खाली उतरायला सुरुवात. ग्रासा, मग पोर्तास दो सोल, शेजारी सांता लुझियाचा मिराडौरो, तिथे निळ्या टाइल्सची भिंत आणि बोगनवेल, आणि तिथून पायऱ्यांनी आल्फामात. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी इथे प्रचंड भूकंप झाला, सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, भूकंपामागून नदीतून त्सुनामी आणि मग कित्येक दिवस आग. खालचं शहर गेलं, आल्फामा कठीण खडकावर असल्यानं बरंचसं वाचलं. म्हणूनच इथल्या गल्ल्या अजून जुन्या अरबी काळातल्यासारख्या वाकड्या तिकड्या आणि बैशा मात्र पट्टीनं आखल्यासारखी, कारण ती तेव्हाच्या मंत्र्यानं, मार्किस द पोंबालनं, पुन्हा नव्यानं बांधून घेतली. आल्फामात मॅप बंद ठेवा. दोरीवर कपडे, खिडकीत म्हातारी आजी, खाली मांजर, एखाद्या दारात टेबल टाकून कुणीतरी घरची चेरीची दारू विकतंय, हेच बघायचं असतं.

खाली उतरून आलात की फादो म्युझियम आणि तिथून नदीच्या बाजूनं चालत गेलं की एक विचित्र घर दिसतं, समोरची भिंत सगळी टोकदार दगडांची. कासा दोस बिकोस. हे १५२३ मध्ये बांधलं ब्रास द आल्बुकर्कनं, म्हणजे १५१० ला गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलानं. आता तिथे नोबेलवाल्या लेखक जुझे सारामागोचं फाउंडेशन आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्याची रक्षा. टूरिस्ट लोक याच्यासमोरून न बघता निघून जातात. मी मात्र गोव्याशी नातं असणाऱ्या प्रत्येकाला पाच मिनिटं तरी थांबायला लावते.

संध्याकाळी फादो

फादो हे इथलं गाणं, २०११ पासून युनेस्कोच्या यादीत. एक गायक किंवा गायिका, एक साधी गिटार आणि एक बारा तारांची पोर्तुगीज गिटार, बस. जेवणासकटचे मोठे शो असतात तसंच आल्फामा नाहीतर बैरो आल्टोत छोट्या खानावळींमध्ये पण असतं, मला छोट्या जागा आवडतात, माईक नसतो, गाणारी तुमच्या टेबलापासून हातभर अंतरावर. आधी विचारून घ्या, गाण्याचे वेगळे पैसे आहेत की कमीत कमी इतक्याचं खायलाच लागतं. दिवे मंद झाले की काटे-चमचे खाली, बोलणं बंद, मोबाईलवर व्हिडिओ नाही. वेटरसुद्धा वाढायचं थांबवतो. भाषा कळत नाही ना, काही फरक पडत नाही, सासूबाईंनी तर डोळ्याला पदर लावला. आणि हे गाणं गोव्यातही गातात बरं का, सोनिया शिरसाटांना ऐकलं नसेल तर जायच्या आधी ऐकून जा, कान तयार होतो.

शियादोहून खाली रोसियोला

हा उतार छोटा, अर्ध्या दिवसाचा. वर शियादोत बर्ट्रांड पुस्तकांचं दुकान, १७३२ पासून चालू, जगातलं सगळ्यात जुनं चालू पुस्तकांचं दुकान म्हणून गिनीजमध्ये नोंद. तिथून कार्मो. या चर्चचं छप्पर भूकंपात पडलं ते परत घातलंच नाही, नुसत्या कमानींच्या फासळ्या आणि वर मोकळं आकाश. तिकीट आहे पण घ्या, पैसे वसूल.

खाली रोसियो चौक, आणि त्याच्या कोपऱ्यात साओ दोमिंगोस चर्च. हे चकचकीत चर्च नाही. १९५९ ला आतून जळलं आणि तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवलेत, आत शिरलं की अंगावर येतं. बाहेर चौकात १५०६ मध्ये इथे मारलेल्या ज्यूंचं स्मारक आहे. आणि समोरच्या रोसियोतलं ते मोठं थिएटर आहे ना, तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात १५६० ला जे इन्क्विझिशन आलं त्याचं घर इकडचं. फुकट असलेल्या या एका चौकात जितका इतिहास आहे तितका तिकीट काढून नाही मिळत.

त्याच चौकात बोळकंभर दुकान, आ झिंझिन्या, १८४० चं. आंबट चेरीची गोडसर दारू छोट्या ग्लासात, उभ्यानं प्यायची. तुम्हाला फक्त एवढंच विचारतात की चेरीसकट का चेरीशिवाय. चेरीसकट घ्या, बी बाजूला काढा. एक ग्लास बास, गोड लागते म्हणून दुसरा घ्याल आणि पुढचा उतार अवघड जाईल.

बैशात फिरताना कोपऱ्यावरचे लोक हळूच कानाशी येऊन गांजा, हशीश असलं काहीतरी पुटपुटतात. घाबरू नका, मान हलवून पुढे चला. ते विकतात ते बऱ्याचदा दाबलेलं तमालपत्र असतं, ते आपल्या मसाल्याच्या डब्यात आहेच.

बेलेम, सपाट दिवस

गुडघ्यांना सुट्टी द्यायचा दिवस म्हणजे बेलेम. १५ नंबरची ट्राम नाहीतर ट्रेन. सोमवारी जाऊ नका, इथला जेरोनिमोस मठ बंद असतो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी जेरोनिमोस, दार उघडायच्या आधी पोचा, मग नाता म्हणजे इथली कस्टर्डची पेस्ट्री, मग नदीकाठ. उलट केलंत तर उन्हात रांगेत उभे राहाल.

जेरोनिमोस मठाचं काम १५०१ ला सुरू झालं आणि शंभरेक वर्षं चाललं, पैसा आला मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून. म्हणजे मलबारच्या मिऱ्यांवर उभा राहिलाय हो हा. दगडात दोरखंड, पोवळी, समुद्रातली झाडं कोरलीयत, जहाजांची हौस दगडात उतरवल्यासारखी. आतल्या अंगणाला तिकीट आहे, चांगलंच महाग, पण शेजारच्या चर्चमध्ये जायला तिकीट नाही आणि वास्को द गामाची कबर त्या चर्चमध्येच आहे, शिरल्या शिरल्या. गामा १५२४ ला कोचीला वारला, इथे आणला तो पार १८८० ला. समोरच्या बाजूला कामोईंश कवी, ज्यानं गोव्यात कित्येक वर्षं काढली. पण सगळे इथूनच परत फिरतात, तुम्ही पुढे जा, अगदी वेदीपर्यंत. तिथे राजांच्या शवपेट्या आहेत आणि त्या पाठीवर घेऊन उभेत संगमरवरी हत्ती. पोर्तुगालच्या राजाला झोपायला हत्ती लागले!

नदीकाठाला पोर्तुगीजांच्या सागरी सफरींचं डिस्कव्हरी स्मारक, जहाजाच्या आकाराचं, १९६० चं. म्हणजे इकडे हे मोठेपणाचं स्मारक उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी १९ डिसेंबर १९६१ ला गोवा हातातून गेला. मला ते बघताना दर वेळी गंमत वाटते. समोर जमिनीवर दगडातला मोठा दिशादर्शक आणि जगाचा नकाशा आहे, त्यावर जहाजं आणि सालं, पोरांना भारताचा किनारा शोधायला लावा.

आता बेलेम टॉवर. आत जायचा अट्टाहास नको, अरुंद जिना, लांब रांग, आणि मधूनमधून दुरुस्तीसाठी बंदही असतो. बाहेरूनच फिरा आणि गेंडा शोधा. खरंच आहे. पश्चिमेकडच्या छोट्या बुरुजाच्या तळाशी, झिजलेलं डोकं. गोष्ट अशी की गुजरातच्या सुलतान मुझफ्फर शहानं हा गेंडा आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कनं तो गोव्याहून जहाजात घातला आणि १५१५ च्या मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा बघितलेला नव्हता, लोक वेडे झाले. जर्मनीत बसून चित्रकार ड्यूररनं न बघताच, वर्णन आणि एका कच्च्या रेखाटनावरून त्याचं चित्र काढलं आणि ते चिलखत घातल्यासारखं चित्र युरोपात शेकडो वर्षं खरं मानलं गेलं. राजानं पुढे तो पोपकडे भेट पाठवला, वाटेत इटलीजवळ जहाज बुडालं आणि बिचारा गेंडा त्यात गेला. टॉवरचं काम तेव्हाच चालू होतं म्हणून दगडात राहिला. वेळ लागतो सापडायला, झूम करून बघा.

नाता कसा खायचा

पास्तेल द नाता, अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, बाहेर पापुद्र्याची कुरकुरीत वाटी, वर भाजून पडलेले काळे डाग. काळे डाग म्हणजे करपलंय असं समजून परत करू नका, ते हवेतच. मठांमध्ये कपड्यांना कांजी करायला अंड्याचं पांढरं वापरायचे, पिवळं उरायचं, त्याचे गोड पदार्थ व्हायचे असं सांगतात. १८३४ ला मठ बंद झाले आणि १८३७ पासून शेजारच्या पास्तेइश द बेलेम दुकानात जेरोनिमोसची रेसिपी चालू आहे. बेलेम नाव फक्त त्यांचं, बाकी सगळीकडे नाता.

बाहेर जी रांग दिसते ती पार्सलची. तुम्ही आत जा, आत एकामागून एक निळ्या टाइल्सच्या खोल्या आहेत, जागा मिळून जाते. माणशी दोन मागवा, तिसरा लागणारच पण गरम हवा म्हणून नंतर मागवा. टेबलावर दालचिनी आणि पिठीसाखर असते, दालचिनी सढळ हातानं, साखर नको. चमच्यानं खायचा नाही, हातात धरायचा, पहिल्या घासाला पापुद्रा तुटल्याचा आवाज आला पाहिजे आणि आतलं कस्टर्ड जेमतेम थरथरतं असलं पाहिजे. आवाज नाही आला तर तो सकाळचा आहे.

शहरात मांतेगारिया नावाची दुकानं आहेत, शियादोत एक, काचेतून करताना दिसतं आणि नवा घाणा निघाला की घंटा वाजवतात. घंटा वाजली की आत. बेलेमचा भारी की मांतेगारियाचा भारी यावर इथले लोक भांडतात, माझं मत मांतेगारिया, आमच्या घरात बाकी सगळे बेलेमवाले.

सोबत कॉफी. बिका मागा म्हणजे छोटी कडक, दुधाची हवी तर गलाओ, उंच ग्लासात येते. सकाळच्या नाश्त्याला पाओ द देउस म्हणून एक मऊ बन असतो, वर खोबऱ्याचा थर भाजलेला, आपल्याकडच्या लोकांना हमखास आवडतो.

जेवण

बसल्या बसल्या वेटर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी आणून ठेवतो. हे फुकट नाही! खाल्लं त्याचे पैसे बिलात येतात. नको असेल तर गोड बोलून लगेच परत द्या, कुणी वाईट वाटून घेत नाही, हातच लावला नाही तर पैसे लागत नाहीत. पाव आणि ऑलिव्ह मी ठेवून घेते, चीज परत. दुपारी प्रातो दो दिया म्हणजे आजची थाळी विचारा, रात्रीपेक्षा खूप स्वस्त पडते, त्यामुळे मोठं जेवण दुपारी आणि रात्री हलकं. नळाचं पाणी प्यायला चालतं.

मासे खाणाऱ्यांनी जून ते सप्टेंबरमध्ये जावं, तारल्यांचा सीझन. जाडं मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात आणि पावाच्या जाड स्लाईसवर ठेवून देतात. हातानंच खायचं, वरची एक बाजू काटा सोडवून खाल्ली की काटा शेपटीकडून उचलायचा, सगळा एकदम निघतो, मग खालची बाजू, आणि सगळ्यात शेवटी तो तेल, मीठ, धूर प्यायलेला पाव. त्या पावासाठी मी मासे खाते म्हटलं तरी चालेल. मोठे मासे आणि कोळंबी-खेकडे किलोच्या भावानं असतात, मेनूवर जो आकडा दिसतो तो किलोचा, तेव्हा आधी वजन करून किती होतील ते विचारा. बाकाल्याव म्हणजे खारवलेला सुका कॉड, बहुतेक नॉर्वेकडून येतो, एकदोन दिवस पाण्यात भिजवून मग शिजवतात. पहिल्यांदा खाताय तर आ ब्रास प्रकार घ्या, बटाट्याच्या बारीक काड्या आणि अंडं घालून. बिफाना म्हणजे पावात डुकराचं मटण, लसणाच्या रश्श्यात शिजवलेलं, वरून मोहरी सॉस, उभ्यानं खायचं.

१२ जूनच्या रात्री सांत आंतोनियोचा सण, आल्फामात दारोदारी शेगड्या, सगळं शहर रस्त्यावर. हा संत लिस्बनचाच, १३ जूनला गोव्यातही त्याचं फेस्त असतं. तेव्हा बाजारात मांजेरिको विकायला येतं, छोट्या कुंडीत गोल गुबगुबीत बारीक पानांचं रोप, तुळशीच्याच कुळातलं, त्यात कागदी फूल आणि चिठ्ठीवर दोन-चार ओळींची कविता. त्याचा वास नाक लावून घ्यायचा नाही, रीत अशी की तळवा वरून फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. हॉटेलं मात्र त्या आठवड्यात प्रचंड महाग.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही पण विचारत जावं लागेल. काल्दो व्हेर्दे, बटाट्याचं आणि हिरव्या पानांचं सूप, छान असतं पण वर सॉसेजची चकती टाकतात, आधीच नको म्हणून सांगा. पेइशिन्योश दा ओर्ता नावावरून मासे वाटतात पण ती फरसबीची भजी आहेत, पिठात बुडवून तळलेली, पिठात कधी अंडं असतं तेवढं विचारा. जपानचा टेंपुरा यातूनच आला असं म्हणतात, सोळाव्या शतकात पोर्तुगीज घेऊन गेले. कुठल्याही साध्या कॅफेच्या काचेत शामूसा दिसेल, समोसाच तो, गोवा आणि मोझांबिकमधून इथे आलेला, पण आत बहुतेक मांस, न विचारता घेऊ नका. नातामध्ये अंडं असतं, वीगन नाता करणारी दुकानं शहरात आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण आली की लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी उभारलेल्या हिंदू समाजाचं, तिथल्या कँटीनमध्ये शाकाहारी गुजराती जेवण मिळतं, वेळा आधी बघा. मार्टिम मोनिझच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, भारतीय दुकानं, डाळ, मसाले, कढीपत्ता सगळं. गोवन जेवण देणाऱ्या जागा शहरात आहेत, तिथे शाकुती, सारपातेल आणि शेवटी बेबिंका मिळतो, कासा द गोवा नावाची गोवेकरांची संस्थाही आहे. एवढ्या लांब येऊन शाकुती कशाला असं आमच्यातल्या एकानं म्हटलं आणि मग दोन प्लेट त्यानंच संपवल्या.

राहिलेलं थोडं

संध्याकाळ मोकळी असेल तर क्रूझ-बिझ बुक करू नका. कैस दो सोद्रेहून काशिल्यासची फेरी घ्या, ऑफिसवाल्यांची बोट, दहा मिनिटांत पलीकडे, मेट्रोच्या कार्डावर चालते आणि तिकीट अगदी किरकोळ. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पलीकडे पोचा, तिथून सगळ्या टेकड्या एकदम दिसतात, मासे खा आणि परत या.

सिंत्रा गावाला रोसियो स्टेशनहून ट्रेन, चाळीस मिनिटं. पेना पॅलेसचं तिकीट वेळ घालून मिळतं, ते ऑनलाइन आधी काढा, आणि दिलेली वेळ महालाच्या दाराची असते, बागेच्या फाटकापासून वर चढायला वेळ लागतो तो धरा. गावात पिरिकिटामध्ये त्राव्हेसेइरो खा, बदामाचं सारण भरलेली उशीच्या आकाराची पेस्ट्री. एका दिवसात एक किंवा दोन जागा, जास्त नाही.

मंगळवार, शनिवार फेइरा दा लाद्रा हा जुना बाजार भरतो, फिरायला मजा येते. सुट्या जुन्या टाइल्स मात्र विकत घेऊ नका, बऱ्याचशा लोकांच्या घराच्या भिंतीवरून उपसून आणलेल्या असतात. टाइलच हवी तर नवीन, दुकानातून.

घरी काय आणायचं? नाता आणू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा रबर होतो, फार तर विमानात बसायच्या आधी खोकं घ्या आणि तिथेच संपवा. माशांचे डबे आणा. कासा दोस बिकोसच्या जवळच कोन्सेर्व्हेइरा द लिस्बोआ हे १९३० पासूनचं दुकान आहे, लाकडी कपाटं, प्रत्येक डबा तुमच्यासमोर रंगीत कागदात गुंडाळून सुतळीनं बांधून देतात. आत तेल असतं तेव्हा केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्येच टाका, आणि आठ डबे म्हणजे किलोच्या घरात जातात, घ्यायच्या आधी बॅगेचं वजन करून ठेवा.